काकडू राष्ट्रीय उद्यान : संयुक्त व्यवस्थापनाचा इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील एक विस्तीर्ण संरक्षित क्षेत्र. हे डार्विन शहराच्या पूर्वेस असून त्याचे क्षेत्रफळ सु. २०,००० चौ. किमी. आहे. वालुकाश्माचे पठार, विरळ वृक्षांची गवताळ राने, गोड्या पाण्याची पूरमैदाने आणि खारफुटीचा किनारा यांचा त्यात समावेश होतो. बिनिंज व मुंग्गुय या मूळ रहिवाशांची येथील वस्ती अतिप्राचीन आहे. जमिनीचे हे परंपरागत मालक आणि संघ सरकार मिळून उद्यानाचा कारभार पाहतात.

या व्यवस्थेचा उगम युरेनियमच्या शोधातून झाला. रेंजर येथील साठ्यांसंबंधी नेमलेल्या चौकशी आयोगाने १९७७ मध्ये खाणकाम, मूळ रहिवाशांना जमिनीची मालकी आणि राष्ट्रीय उद्यान या तिन्ही गोष्टींची एकत्रित शिफारस केली. १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने मालकांना खाणकाम नाकारण्याचा अधिकार दिला होता. रेंजरची खाण मात्र त्यातून वगळण्यात आली. मालकांनी १९७८ मध्ये आपली जमीन भाडेपट्ट्याने उद्यान-संचालकांकडे सोपविली व १९७९ मध्ये उद्यान घोषित झाले. १९८९ मध्ये व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले. त्यात परंपरागत मालकांच्या प्रतिनिधींचे बहुमत आहे. २०२२ मध्ये उद्यानाच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्राची मालकी मूळ रहिवाशांना परत मिळाली.

सहकार्याचे ठळक फळ वणव्यांच्या नियंत्रणात दिसते. येथील लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. पावसाळा संपल्यावर येणाऱ्या ‘येग्गे’ या ऋतूत, गवतात ओलावा असतानाच, ठिकठिकाणी लहान आगी लावण्याची त्यांची प्रथा आहे. त्यामुळे कोरड्या ऋतूच्या अखेरीस भडकणाऱ्या उग्र वणव्यांना आळा बसतो. शेजारच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून हीच पद्धती हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविण्यासाठी वापरली गेली आणि त्या कामाचा मोबदला डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाकडून मिळू लागला.

पूरमैदानांचा प्रश्न अधिक बिकट आहे. ती समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. एकोणिसाव्या शतकात आणलेल्या व पुढे रानटी बनलेल्या म्हशींनी नदीकाठचे नैसर्गिक बांध तुडविल्यामुळे खारे पाणी आत शिरत असे. १९८० नंतरच्या दशकातील मोहिमेने म्हशींची संख्या पुष्कळ घटली आणि पाणवनस्पती पुन्हा वाढल्या. परंतु समुद्राची पातळी वाढत राहिल्यास खारे पाणी पुन्हा पसरेल. मग लव्हाळ्याच्या कंदांवर जगणारी मॅगपाय हंसांची वस्ती आणि त्यांच्या शिकारीवर अवलंबून असलेली अन्नपरंपरा दोन्ही धोक्यात येतील.

मंडळातील बहुमतामुळे मतभेद मिटतातच असे नाही. २०१९ मध्ये गनलोम धबधब्याजवळ एका पवित्र स्थळी विनापरवाना पायवाट बांधली गेली. पवित्र स्थळांच्या संरक्षणाचा कायदा उद्यान-संचालकांनाही लागू आहे, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने २०२४ मध्ये दिला.

आग व पशू यांवर मंडळाचा अधिकार चालतो. समुद्राची पातळी वाढविणारी कारणे मात्र त्याच्या सीमेबाहेर आहेत. त्यामुळे कोणती पाणथळ जागा राखावी, कोणती सोडून द्यावी, हा यापुढील मुख्य प्रश्न ठरतो. तो निर्णय कोणाच्या संमतीने होतो, यावर संयुक्त व्यवस्थापनाची खरी कसोटी लागेल.