वेदनाशामक व ज्वरहर औषधे : घरगुती वापर

अंगदुखी, डोकेदुखी, दाढदुखी, पाळीच्या वेदना किंवा ताप यांवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, दुकानातून आणून घरच्या घरी घेतल्या जाणाऱ्या औषधांचा हा वर्ग. पॅरासिटामॉल, ॲस्पिरीन व आयबुप्रोफेन ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो, डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम अशी घरोघरी परिचित असलेली नावे ही याच द्रव्यांची किंवा त्यांच्या मिश्रणांची व्यापारी नावे आहेत. प्रस्तुत नोंदीत पॅरासिटामॉलाचा विचार इतरांहून अधिक विस्ताराने केला आहे. कारण ते सर्वांत निर्धोक समजले जाते आणि या समजुतीमुळेच त्याच्या मात्रेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

इतिहास : स्ट्रासबर्ग येथे आर्नोल्ड कान व पाउल हेप या वैद्यांनी जंतविकाराच्या एका रुग्णास नॅफ्थलीन द्यावयाचे योजिले असता औषधशाळेकडून चुकीने ॲसिटॅनिलाइड आले, त्याने जंतांवर काही परिणाम केला नाही, परंतु रुग्णाचा ताप मात्र उतरला, आणि चुकीचा उलगडा झाल्यावर त्यांनी १८८६ मध्ये हा गुण प्रसिद्ध केला, असा वृत्तांत सांगितला जातो; म्हणजे या औषधकुलाचा आरंभच नावाच्या घोटाळ्यातून झाला. ॲसिटॅनिलाइडाने रक्तातील प्राणवायुवहनास बाध येतो असे दिसून आल्यावर १८८७ मध्ये फेनॅसेटिन पुढे आले व दीर्घकाळ खपले. पुढे मूत्रपिंडांच्या हानीच्या सबबीवर ते देशोदेशी मागे घेण्यात आले, भारतात १९८३ मध्ये. पॅरासिटामॉल हे १८७८ मध्ये हार्मन नॉर्थरॉप मोर्स यांनी तयार केले होते; पण योझेफ फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये त्यावर ॲसिटॅनिलाइडासारखाच दोष ठेवल्यामुळे (त्यांच्या नमुन्यात भेसळ असावी असे पुढे मानले गेले) अर्धशतक ते अडगळीत राहिले. १९४८-४९ च्या सुमारास बर्नार्ड ब्रॉडी व ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी, ॲसिटॅनिलाइडाचा गुण शरीरात त्यापासून होणाऱ्या पॅरासिटामॉलामुळेच येतो, असे दाखविले, तेव्हा कोठे त्याचा उद्धार झाला. १९५५ मध्ये अमेरिकेत व १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ते बाजारात आले. ॲस्पिरीन १८९९ पासून, तर नॉटिंगहॅम येथे स्ट्यूअर्ट ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले आयबुप्रोफेन १९६९ पासून प्रचारात आहे.

क्रिया : प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखून ॲस्पिरीन व आयबुप्रोफेन वेदना, दाह व ताप कमी करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. पॅरासिटामॉलाच्या क्रियेविषयी अद्यापि मतैक्य नाही.

मात्रा व यकृत : प्रौढ इसमास पॅरासिटामॉलाची एका वेळची मात्रा ५०० ते १,००० मि.ग्रॅ. असून दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर असावे लागते, आणि २४ तासांतील एकूण मात्रा ४,००० मि.ग्रॅ. या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. कृश प्रकृतीच्या, नित्य मद्यपान करणाऱ्या, उपासमार झालेल्या किंवा यकृताचा विकार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ही मर्यादा डॉक्टरांकडून कमी करून घेणे अवश्य आहे. सामान्य मात्रेतील बहुतांश औषध यकृतात निरुपद्रवी होऊन मूत्रावाटे निघून जाते. अल्पसा अंश मात्र एका विषारी द्रव्यात रूपांतरित होतो व त्याचे शमन यकृतातील ग्लुटाथायोन करते. मात्रा अतिरिक्त झाली म्हणजे हा साठा आटतो आणि विष यकृताच्या पेशींवर तुटून पडते. येथे विशेष भयावह गोष्ट ही की, पहिल्या दिवशी रुग्णास किंचित मळमळीपलीकडे बहुधा काहीच जाणवत नाही. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. उतारा म्हणून दिले जाणारे ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत मिळाल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व रिकामी पट्टी बरोबर न्यावी. या यकृतघाताची नोंद वैद्यकीय वाङ्मयात प्रथम १९६६ मध्ये झाली. ब्रिटनने १९९८ मध्ये साध्या दुकानांतील पाकिटात १६ व औषधाच्या दुकानांतील पाकिटात ३२ गोळ्यांची मर्यादा घातली.

अतिरिक्त मात्रा जाणूनबुजूनच घेतली जाते असे नाही. ताप व अंगदुखीसाठी ६५० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून चार वेळा घेणाऱ्याच्या पोटात २,६०० मि.ग्रॅ. जातात, त्यातच नाक वाहते म्हणून त्याने सर्दीची गोळी तीन वेळा घेतली, आणि अशा पुष्कळ गोळ्यांत ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतेच, तर आणखी १,५०० मि.ग्रॅ.ची भर पडून बेरीज ४,१०० होते, आणि मर्यादा ओलांडली गेल्याची त्याला वार्ताही नसते. कारण त्याच्या लेखी एक गोळी तापाची, दुसरी सर्दीची. तेव्हा पट्टीवरील ठळक व्यापारी नाव बाजूस ठेवून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव व मि.ग्रॅ.चा आकडा वाचणे, आणि ते वाचता येत नसल्यास दुकानदाराकडून वाचवून घेणे, हीच या सर्व प्रकरणातील मुख्य दक्षता होय असे या नोंदकाराचे मत आहे.

बालके : मुलांना मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून द्यावी : दर किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ., चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारांहून अधिक वेळा नाही. बाजारात मिळणाऱ्या पातळ औषधाची तीव्रता एकसारखी नसते, हे बहुतेक पालकांच्या ध्यानी येत नाही. एका बाटलीत ५ मि.लि.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ. असतात, दुसरीत २५०, आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मि.लि.मध्येच १००. दहा किलोच्या मुलास १०० ते १५० मि.ग्रॅ. पुरेत, पहिल्या बाटलीतील ५ मि.लि. त्याला योग्य, परंतु तेवढेच थेंबांचे औषध दिले गेल्यास ५०० मि.ग्रॅ. जातात. घरातील चमचे लहानमोठे असल्याने बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे. आईने दिलेल्या औषधाची आजीला कल्पना नसते, सबब वेळ व माप कागदावर टिपून ठेवावे. तीन महिन्यांहून लहान अर्भकास ताप आल्यास घरी औषध न देता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. ज्वरहर औषधाने तापातील झटके टळत नाहीत, असे आता मानले जाते. मूल खेळते, पाणी पिते, तर केवळ तापमापीवरील आकडा उतरविण्यासाठी औषध द्यावेच असे नाही.

ॲस्पिरीन मुलांना देऊ नये. ऑस्ट्रेलियन विकृतिवैज्ञानिक डग्लस राय यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या, मेंदू व यकृत यांवर आघात करणाऱ्या रोगाशी, फ्लू किंवा कांजिण्यांत दिलेल्या ॲस्पिरीनचा संबंध आढळला. ब्रिटनमध्ये १९८६ पासून १२ वर्षांखालील व २००२ पासून १६ वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरले. निमेसुलाइड हे वेदनाशामक व ज्वरहर औषध भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून निषिद्ध आहे.

पातळ औषधांतील भेसळ : येथे दोष औषधाचा नसून द्रावकाचा असतो. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या जागी स्वस्त औद्योगिक डायएथिलीन ग्लायकॉल आल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. १९३७ मध्ये अमेरिकेत अशा द्रावणाने शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्यू पावले, त्याची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. नायजेरियात १९९० मध्ये, त्याच सुमारास बांगलादेशात, आणि हैतीत १९९५-९६ मध्ये पॅरासिटामॉलाच्याच पातळ औषधातून बालमृत्यू घडले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके सर्दी-खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारार्थ नागपुरास हलविले होते. तपासणीत त्या औषधात सुमारे ४८ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. हे विष गोडसर असल्याने चवीवरून ओळखता येत नाही. पालकांच्या हाती एवढेच की, औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली वा थांबली, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

दाहशामक औषधे : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक आम्ल यांनी जठरात व्रण व रक्तस्राव होऊ शकतो, रिकाम्या पोटी ती घेऊ नयेत, परंतु जेवणानंतर घेतल्याने धोका टळतो असेही नव्हे. वृद्ध, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे, दम्याचे काही रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी ती विचारल्यावाचून घेऊ नयेत. पावसाळ्यातील तापात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण डेंग्यूत रक्तबिंबिका घटलेल्या असताना ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव ओढवू शकतो. म्हणून निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल, पाणी व विश्रांती एवढ्यावरच थांबावे. गोळीने ताप उतरतो, हिवताप किंवा लेप्टोस्पायरोसिस बरा होत नाही; दोन-तीन दिवसांत ताप न हटल्यास रक्ततपासणी करावी.

कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम यांत चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांचा स्वतंत्र वर्ग नाही; जे ‘एच्’ व तत्सम परिशिष्टांत नाही, ते तसे विकले जाते. डायक्लोफेनॅक व निमेसुलाइड ‘एच्’ परिशिष्टात असूनही दुकानांत सहज मिळतात. ॲस्पिरीन व पॅरासिटामॉलाच्या गोळ्या यांसारखी काही घरगुती औषधे एक हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यांत परवान्यावाचून विकण्याची मुभा ‘के’ परिशिष्टात आहे. ॲनाल्जिन या वेदनाशामकावर २०१३ मध्ये घातलेली बंदी २०१४ मध्ये अटींसह उठविण्यात आली.

मलमे : कापूरयुक्त बाम दोन वर्षांखालील मुलांस लावू नये, कापूर पोटात गेल्यास झटके येतात.

गुरांतील वापर : औषध दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने झालेल्या गिधाडांच्या मृत्यूमुळे डायक्लोफेनॅकचा पशुवैद्यकीय वापर भारतात २००६ पासून बंद.