उच्चदाब द्रव क्रोमॅटोग्राफी : पॉलिमर नळीची जोडणी

औषधाच्या गोळीत मूळ द्रव्य किती आणि अशुद्धी किती, हे तपासण्यासाठी उच्चदाब द्रव क्रोमॅटोग्राफीचा आधार घेतला जातो. बारीक कणांनी भरलेल्या स्तंभातून नमुना पंपाच्या दाबाने पुढे सरकतो. त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर त्यांची स्वतंत्र शिखरे उमटतात. पंप, स्तंभ व शोधक यांना जोडणारी नळी पूर्वी प्रामुख्याने पोलादाची असे. पॉलिइथर इथर कीटोन, म्हणजेच 'पीक' या पॉलिमरमुळे लवचीक, न गंजणारी आणि सहज कापता येणारी नळी उपलब्ध झाली. मात्र तिची जोडणी हा कौशल्याचा विषय ठरला.

या नळीचा बाह्य व्यास साधारणतः १.६ मिलिमीटर असतो. ४०० बार दाबाला तिच्या टोकावर सुमारे ८ किलो वजनाइतका जोर येऊ शकतो. १,००० बारला तो २० किलोच्या घरात जातो. आट्यांचा नट फिरवला की फेरूल नावाचे शंकूच्या आकाराचे कडे नळीभोवती आवळले जाते. पोलादी नळीत पोलादी फेरूल कायमचे रुतून बसते. पॉलिमर मात्र गुळगुळीत असते आणि सततच्या ताणाखाली हळूहळू आकार बदलते. पकड सैल पडली की नळी मागे सरकते. नट अति आवळल्यास आतील छिद्रच चेपले जाते.

नळी निसटून गळती झाली तर ती निदान दिसते. नळीचे टोक खाचेच्या तळापासून एक मिलिमीटर मागे राहिले, तर तेथे सुमारे २ मायक्रोलिटरची पोकळी तयार होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. घटक त्या पोकळीत रेंगाळतात, शिखरे रुंदावतात आणि अशुद्धीचे लहान शिखर शेजारच्या मोठ्या शिखरात लपू शकते. म्हणजेच सदोष जोडणीमुळे तपासणीचा निष्कर्षच चुकू शकतो.

२००४ मध्ये 'वॉटर्स' या अमेरिकी कंपनीने सुमारे १,००० बारवर चालणारे उपकरण बाजारात आणले. तेव्हापासून जोडणीच्या रचनेकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. काही रचनांत पॉलिमरचा शंकू गळती रोखतो आणि वेगळे पोलादी कडे नळी धरून ठेवते. काहींत स्प्रिंग नळीचे टोक खाचेच्या तळाशी सतत दाबून ठेवते. अतिउच्च दाबासाठी आतून पॉलिमर व बाहेरून पोलाद असलेली नळीही वापरतात.

रचना कोणतीही असो, काही पथ्ये पाळावीच लागतात. नळी काटकोनात कापावी, ती तळाला टेकवूनच नट आवळावा. खाचेची खोली उत्पादकागणिक बदलत असल्याने एका उपकरणात रुतलेले फेरूल दुसऱ्यात वापरू नये. टेट्राहायड्रोफ्युरान व डायक्लोरोमिथेन या द्रावकांनी 'पीक' फुगते आणि संहत नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्लाने ते खराब होते, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.