प्रबंध जमा झाला, पण वाचणार कोण?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या यादीतल्या दोन सालांमधलं अंतर मात्र सहसा कुणी मोजत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला १९१६ मध्ये. पदवी रीतसर बहाल झाली १९२७ मध्ये. मधली तब्बल अकरा वर्षं कुठे गेली?

त्या अकरा वर्षांत बरंच काही घडलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ते स्वतः एका बोटीने आले आणि जिवापाड जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीने निघाली. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुढे सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, १९२० मध्ये ‘मूकनायक’, मग पुन्हा लंडन. लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये परीक्षकांना पचला नाही. तो सुधारून पुन्हा पाठवावा लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंजूर झाला.

पण कोलंबियाची पदवी लांबण्याचं एक कारण अगदी साधं होतं. तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंध परीक्षकांनी स्वीकारून भागत नसे. तो छापावा लागे आणि छापील प्रती विद्यापीठात जमा कराव्या लागत. आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने छापला. त्याला त्यांचे शिक्षक सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. त्यानंतर १९२७ मध्ये पदवी मिळाली.

आज ज्याला आपण ‘थिसिस सबमिट केला’ म्हणतो, त्याचा इतिहास या नियमापासून वाचायला हरकत नाही.

छापलं नाही, तर पदवी नाही

ही छापण्याची सक्ती जर्मन विद्यापीठांच्या परंपरेतून आलेली. तिच्यामागचा विचार चांगला होता. संशोधन म्हणजे ज्ञानात घातलेली भर. आणि ती भर चार परीक्षकांच्या टेबलावरच राहिली, तर घातली तरी कुठे? म्हणून प्रबंध छापा, प्रती ग्रंथालयांना द्या, जगाला वाचू द्या.

खर्च मात्र विद्यार्थ्याच्या खिशातून. ज्याच्या घरी पैसा होता त्याचा प्रबंध लगेच छापून होई. ज्याच्याकडे नव्हता त्याने प्रकाशक शोधावा, नाहीतर थांबावं. म्हणजे बुद्धीची परीक्षा संपली, की ऐपतीची परीक्षा सुरू. सादर करण्याच्या पद्धतीत कोणाचा खर्च होतो आणि कोणाला वाचायला मिळतं, हे दोन प्रश्न तेव्हापासून एकमेकांना चिकटलेले आहेत. तंत्र बदललं की उत्तरं बदलतात, प्रश्न तेच राहतात.

फिल्मच्या रिळावरचा प्रबंध

१९३८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या गावात, युजीन पॉवर नावाच्या माणसाने मायक्रोफिल्मचा धंदा सुरू केला. पानांचे बारीक फोटो फिल्मवर घ्यायचे आणि यंत्राच्या पडद्यावर मोठे करून वाचायचे. प्रबंधांना हे तंत्र फार सोयीचं ठरलं. शेकडो प्रती आधी छापून ठेवायची गरजच उरली नाही. मूळ फिल्म जपून ठेवायची, प्रबंधांचे सारांश एका नियतकालिकात छापायचे, आणि कुणी मागणी केली की तेवढी एक प्रत काढून पाठवायची. खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्याकडून मागणाऱ्याकडे सरकला. अमेरिकी विद्यापीठांमधली छापण्याची सक्ती पुढे हळूहळू मागे पडली.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. इथे प्रबंध टाइप होई, कार्बन लावून प्रती निघत, मग बाइंडरकडे जाऊन काळं किंवा लाल रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. एक प्रत मार्गदर्शकांना, काही परीक्षकांना, एखादी विभागाला, एक ग्रंथालयाला. ग्रंथालयातली प्रत कुलूपबंद कपाटात जाई आणि घरी न्यायला मिळत नसे. नागपूरचा प्रबंध वाचायचा तर नागपूरला जा, कोल्हापूरचा वाचायचा तर कोल्हापूरला. त्यासाठी आधी तो तिथे आहे हे माहीत असायला हवं, आणि ते कळण्याचा मार्ग म्हणजे कुणीतरी सांगणं.

याचे दोन परिणाम झाले. एकाच विषयावर दोन विद्यापीठांत दोन माणसं एकमेकांचा पत्ता नसताना राबत. आणि एखाद्याला दुसऱ्याचा प्रबंध जसाच्या तसा उतरवायचा असेल, तर त्यालाही फारशी भीती नव्हती. दोन्ही प्रती एका टेबलावर येणार होत्या कधी?

व्हर्जिनिया टेकचा नियम

प्रबंध संगणकावरच सादर करावा आणि तसाच साठवावा, ही कल्पना इंटरनेट घरोघरी येण्याआधीची आहे. १९८७ मध्ये पॉवर यांच्याच कंपनीने ॲन आर्बरला एक बैठक बोलावली होती. त्यात प्रबंधाच्या मजकुराला खुणा घालून तो संगणकाला समजेल अशा रूपात ठेवण्याचा विचार झाला. विचार बरोबर होता, पण साधनं अपुरी होती. १९९३ मध्ये ॲडोबीने पीडीएफ आणलं, त्याच सुमारास वेब पसरू लागलं, आणि अडचण सुटली.

१ जानेवारी १९९७ पासून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक प्रबंध सक्तीचा केला. अशी सक्ती करणारं ते पहिलं विद्यापीठ. संगणकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फॉक्स आणि ग्रंथपाल गेल मॅकमिलन ही त्यामागची दोन महत्त्वाची नावं. पाठोपाठ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तोच रस्ता धरला.

मग ओरड झाली. आजवर प्रबंध कोणी वाचत नाही ही तक्रार होती. आता सगळेच वाचतील ही भीती झाली. प्रबंध नेटवर फुकट मिळाला, तर त्याचं पुस्तक कोण काढणार? नियतकालिकं ‘हे आधीच प्रसिद्ध झालंय’ म्हणून लेख परत करतील का? कुणी कल्पना चोरली तर? यावर तोडगा म्हणून विद्यार्थ्याला पर्याय देण्यात आले: प्रबंध सगळ्या जगाला खुला ठेवा, फक्त विद्यापीठापुरता ठेवा, किंवा काही काळ बंद ठेवा.

हा वाद अजून मिटलेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने भूमिका घेतली, की इतिहासाच्या नव्या पीएच.डी.धारकांना आपला प्रबंध सहा वर्षांपर्यंत नेटपासून दूर ठेवण्याची मुभा असावी. कारण इतिहासात नोकरी आणि बढती पुस्तकावर ठरते. त्यावर मोठा गदारोळ झाला. ज्ञान खुलं असावं हे खरं, आणि सात वर्षं राबलेल्या मुलीला तिच्या कामाचं पहिलं फळ मिळावं हेही खरं. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती.

गांधीनगरची गंगा

भारतात म्हैसूर विद्यापीठाने २००० मध्ये ‘विद्यानिधी’ नावाने प्रबंधांचं डिजिटल ग्रंथालय सुरू केलं. देशभर फरक पडला तो २००९ च्या यूजीसी नियमांनी. पीएच.डी. जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी विद्यापीठाने पाठवायची आणि ती इन्फ्लिबनेट या संस्थेकडे ठेवायची, असं त्यांत म्हटलं होतं. गांधीनगरच्या या संस्थेने प्रबंधांसाठी जे भांडार उभं केलं, ते ‘शोधगंगा’.

नियम झाला, पण पदवी घेऊन झाल्यावर फाइल पाठवायची कुणाला घाई? २०१६ च्या नव्या नियमांनी एक छोटा बदल केला: पदवी जाहीर होण्याआधी प्रबंध इन्फ्लिबनेटकडे जमा झाला पाहिजे. ‘नंतर’च्या जागी ‘आधी’ आलं आणि गाडं हललं. नियमांचा इतिहास वाचायचा असेल तर असे शब्द वाचावेत. कोलंबियाचा नियमही तेच सांगत होता: आधी प्रत, मग पदवी.

सोबत नवं कामही आलं. प्रबंधाचे तुकडे करायचे: मुखपृष्ठ वेगळं, अनुक्रमणिका वेगळी, प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी, फाइलींना ठरलेली नावं आणि क्रमांक. त्याआधी वाङ्‌मयचौर्याची तपासणी. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची यांतून वगळतात. तपासणीचं सॉफ्टवेअर विद्यापीठांना मिळावं म्हणून २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ ही योजना आली.

यातून घडलेला बदल मोठा आहे. शोधगंगेवर आज लाखो प्रबंध आहेत. गडचिरोलीतल्या एखाद्या मुलाला मुंबईतला प्रबंध वाचायला आता रेल्वेचं तिकीट, ओळखीचं पत्र आणि ग्रंथपालाची मर्जी लागत नाही. फोन पुरतो. आणि उतरवून काढणाऱ्याला आता भीती आहे, कारण दोन्ही प्रती खरोखरच एका टेबलावर आल्या आहेत.

मराठीचं अदृश्य कपाट

आता आपल्या घरचा प्रश्न. शोधगंगेवर मराठीतले प्रबंधही भरपूर आहेत: दलित साहित्यावर, संतवाङ्मयावर, बोलींवर, तमाशावर, गावोगावच्या स्थानिक इतिहासावर. यातलं कितीतरी दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. पण त्यातले बरेच शोधून सापडत नाहीत.

कारण तांत्रिक आहे, पण समजायला सोपं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये चाले. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा आकडा असे. फाँटने फक्त त्यावर मराठी मुखवटा चढवलेला. अशा फाइलची पीडीएफ डोळ्यांना उत्तम दिसते, छापूनही छान येते. पण तिच्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा हाती येतो. शोधयंत्राला तो चिवडाच दिसतो. जुने प्रबंध स्कॅन करून टाकलेत, तिथे तर नुसते फोटो आहेत.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी टाइप करून देणाऱ्यांच्या दुकानात जुने फाँट पुढची कितीतरी वर्षं टिकले, कारण कीबोर्डाची सवय तीच होती आणि छपाईला तेच चाले.

म्हणजे प्रबंध खुला आहे, फुकट आहे, आणि तरी कपाटातच आहे. चौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही चिवड्यातून काही कळत नाही, त्यामुळे मराठीत उतरवून काढणाऱ्याला अजूनही थोडं अभय आहे. आणि ज्याने वीस गावं पायी फिरून लावण्या गोळा केल्या, त्याचं काम पुढच्या अभ्यासकाच्या शोधात येतच नाही. तो पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात करतो.

बोट अजूनही बुडते

डिजिटल म्हणजे कायमचं, असंही नाही. इंग्लंडमधले लाखो प्रबंध शोधायची सोय ब्रिटिश लायब्ररीच्या ‘इथॉस’ या सेवेत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि इतर सेवांबरोबर तीही बंद पडली, ती दीर्घकाळ. १९१७ मध्ये पाणबुडी होती, आता खंडणीखोर हॅकर आहेत. उपाय दोन्ही काळांत एकच: सगळा माल एका बोटीत ठेवायचा नाही. म्हणून प्रत विद्यापीठातही हवी, राष्ट्रीय भांडारातही हवी, आणि स्वतःकडेही दोन ठिकाणी हवी.

सध्या तुमचा किंवा तुमच्या ताईचा, मित्राचा प्रबंध शेवटच्या टप्प्यात असेल, तर समासाची रुंदी आणि प्रमाणपत्रांवरच्या सह्या यांत एक तपासणी वाढवा. तयार झालेली पीडीएफ फोनवर उघडा. मधल्या कुठल्याही पानावरची एक मराठी ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळ जशीच्या तशी उमटली, तर दहा वर्षांनी कुणीतरी ती शोधून वाचू शकेल. चिवडा उमटला, तर फाँट बदलायला अजून वेळ आहे.