गिधाडाच्या पाठीवरचं माकड

आजचा भाग छोटा आहे, पण त्यात एक गिधाड आहे, दोन माकडं आहेत आणि पन्नास डॉलर आहेत.

एक गिधाड प्राण्यांना आकाशातून फिरवून आणायचं आमिष दाखवतं. वर गेलं की झटका देऊन खाली पाडतं आणि खातं. माकडाची पाळी येते. हा गडी शेपटीच गिधाडाच्या गळ्याभोवती गुंडाळतो. वाकडं उडालास तर फास आवळेन, सरळ चल!

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये चालत आलेली ही गोष्ट नॅट किंग कोलचे वडील प्रवचनात सांगायचे. ते शिकागोत बाप्टिस्ट पाद्री होते. कोलने त्यावर 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' हे गाणं केलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये पियानो, गिटार आणि बास एवढ्यावरच ते रेकॉर्ड झालं. १९४४ मध्ये बिलबोर्डच्या 'हार्लेम हिट परेड' यादीत ते दहा आठवडे पहिलं होतं. हीच यादी पुढे १९४९ मध्ये 'रिदम अँड ब्लूज' या नावाने छापली जाऊ लागली. आणि पन्नास डॉलर? गाणं गाजण्याआधीच कोलने त्याचे हक्क प्रकाशक आयर्व्हिंग मिल्सला तेवढ्यात विकले होते. वर गीतकार म्हणून मिल्सचंही नाव लागलं. इथे गिधाड जिंकलं म्हणायचं.

दुसरं माकड जास्त खोडकर. ते सिंहाला सांगतं, हत्ती तुझ्या घरच्यांबद्दल वाट्टेल ते बोलला. सिंह चिडून जातो आणि हत्तीकडून बेदम मार खाऊन येतो. माकड झाडावर बसून हसतं. ही 'सिग्निफाइंग मंकी'ची गोष्ट. रस्त्यावर, तुरुंगात, बारमध्ये यमकात म्हटली जायची, आणि चारचौघांत म्हणण्यासारखी अजिबात नव्हती. विली डिक्सनच्या 'बिग थ्री ट्रिओ'ने ती धुऊनपुसून १९४०च्या दशकात रेकॉर्ड केली. १९५८ मध्ये चक बेरीने 'जो जो गन'मध्ये तेच कथानक घेतलं.

आता, हे थेट आफ्रिकेतून आलं का? हेन्री लुई गेट्स यांनी १९८८च्या पुस्तकात या माकडाचं नातं योरुबांच्या एशू या देवाशी जोडलं. एशू म्हणजे निरोप्या, शब्दांचा खेळ करणारा. मांडणी देखणी आहे, पण मला ती जरा ताणलेली वाटते. एका गोष्टीचा एकच 'सोर्स कोड' शोधायची सवय आम्हा इंजिनिअरांनाही असते. मला स्वभावाचं नातं जास्त पटतं. अकान लोकांचा अनान्सी कोळी, योरुबांचं कासव, बरेच ठिकाणी ससा: अंगात बळ नाही, म्हणून जीभ आणि डोकं चालवायचं. मालकासमोर तोंड उघडायची सोय नसलेल्या गुलामांना ही पात्रं किती कामाची वाटली असतील!

ती जीभ गाण्यात प्राणी नसतानाही ऐकू येते. बो डिडलीचं १९५९चं 'से मॅन' ऐका. त्यात तो आणि त्याचा मराकस वाजवणारा जेरोम ग्रीन एकमेकांची फक्त टर उडवतात, गाणं असं नाहीच. मागे ताल चालू, आणि पुढे नुसत्या टपल्या.