मँडरिन मासा

मँडरिन मासा : पश्चिम पॅसिफिक महासागरातील प्रवाळभित्तींच्या आश्रयाने राहणारा, जेमतेम ६ ते ७ सेंमी. लांबीचा, परंतु वर्णवैभवामुळे जगभरच्या मत्स्यालयांत ख्याती पावलेला अस्थिमत्स्य. कॅलिओनिमिडी या मत्स्यकुलात याचा समावेश होत असून शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस असे आहे. ॲल्बर्ट हेरे या अमेरिकन मत्स्यविज्ञाने फिलिपीन्समधील नमुन्यांवरून १९२७ साली याचे प्रथम वर्णन केले. चिनी साम्राज्याच्या ‘मँडरिन’ म्हटल्या जाणाऱ्या दरबारी अंमलदारांच्या भरजरी अंगरख्यांवरून याचे प्रचलित नाव पडले.

प्रसार व निवास : उत्तरेस जपानची रयुक्यू बेटे व दक्षिणेस ऑस्ट्रेलिया ही याच्या मुलखाची स्थूल हद्द असून फिलिपीन्स, इंडोनेशिया, पलाऊ व पापुआ न्यू गिनी येथे तो विशेष परिचित आहे. लाटांचा मारा जेथे पोचत नाही अशी खारकच्छे आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्ती त्याला मानवतात, तेथे सु. १ ते १८ मी. खोलीवर, गाळमिश्रित तळावर साचलेल्या मृत प्रवाळांच्या तुकड्यांत व शाखायुक्त प्रवाळांच्या बेचक्यांत तो दिवसभर दडून वावरतो.

शरीररचना व रंग : डोके रुंद, डोळे वर आलेले व तोंड लहान असते. श्रोणिपक्ष इतके मोठे असतात की त्यांच्या आधाराने तळावर टेकत, सरपटत तो पुढे सरकतो. अंगावर खवले मुळीच नसतात. त्यांऐवजी दाट श्लेष्माचे आवरण असून त्याला उग्र दुर्गंधी येते, आणि त्वचेतील विशिष्ट कोशिका विषारी द्रव्यही स्रवतात. सबब, भक्षकाला भडक रंगांनी दिलेला इशारा पोकळ नसतो.

निळ्या अंगावर नारिंगी, वळणावळणाच्या रेषा आणि हिरवट छटा अशी याची रंगयोजना आहे. तथापि शास्त्रज्ञांचे कुतूहल मुख्यतः त्यातील निळ्या रंगाने जागे केले. पक्ष्यांच्या पिसांत, फुलपाखरांच्या पंखांत आणि बहुतेक माशांच्या त्वचेत दिसणारा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून, सूक्ष्म स्तरांवरून प्रकाश परावर्तित किंवा विकीर्ण झाल्याने उत्पन्न झालेला असतो. मँडरिन माशाच्या त्वचेत मात्र निळे रंगद्रव्य प्रत्यक्ष धारण करणाऱ्या रंजककोशिका असल्याचे गोडा व फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. पृष्ठवंशी प्राण्यांत असा दाखला अत्यंत विरळा असून, दुसरा ज्ञात दाखला याच प्रजातीतील सिंकिरोपस पिक्चुरॅटस या त्याच्या भाऊबंदाचाच आहे.

आहार : लहानसे तोंड झटकन पुढे काढून प्रवाळाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म कवचधारी प्राणी, कृमी, बारीक गोगलगायी व माशांची अंडी तो एकेक करून टिपतो. एका वेळी पोटभर खाण्याची त्याची रीत नसल्याने हे वेचणे दिवसभर अखंड चालू ठेवावे लागते.

प्रजनन : नर मादीहून मोठा असून त्याच्या पहिल्या पृष्ठपक्षाचा पुढील काटा लांबलचक असतो. सूर्यास्ताच्या सुमारास काही माद्या भित्तीवरील ठरावीक जागी जमतात, आणि नर पक्ष उभारून त्यांच्यापुढे मिरवतो. माद्यांचा कल बहुधा थोराड नराकडेच असतो. जुळलेली जोडी अंगाला अंग भिडवून तळापासून सु. १ मी. उंचीपर्यंत सावकाश वर चढते, क्षणार्धात अंडी व शुक्राणू पाण्यात सोडते आणि तत्काळ खाली पळते. सु. २०० पर्यंत असलेली ही अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात व साधारण एका दिवसात फुटतात; पिलांच्या संगोपनाची कोणतीही तजवीज आईबाप करीत नाहीत.

व्यापार व रक्षण : शोभेच्या माशांच्या बाजारात याला मोठी मागणी आहे. थोराड नरांना अधिक गिऱ्हाईक असल्याने पकडणारे तेच वेचून नेतात, आणि ज्यांच्याशी माद्या जुळावयाच्या तेच भित्तीवरून कमी होतात. मत्स्यालयात सुके खाद्य सहसा न स्वीकारणारा हा मासा, जिवंत सूक्ष्मजीवांचा साठा संपताच उपासमारीने खंगतो. अलीकडे बंदिवासात त्याचे प्रजनन साधले असून, अशी पैदास लहानपणापासून तयार खाद्याला सरावत असल्याने मत्स्यालयात तगण्याची शक्यता वाढते व भित्तीवरील नरांवरचा भारही हलका होऊ शकतो. नैसर्गिक स्थितीत मात्र, नजरेत न भरणारा तो प्रवाळांचा चुरा व त्यात नांदणारी सूक्ष्म जीवसृष्टी शाबूत राहील तेथेच याचा निभाव लागतो.