एका अळंबीची पाच नावं

रिकेनेला फिब्युला: जंगलात ओल्या मॉसमध्ये उगवणारी नारिंगी अळंबी. टोपी जेमतेम सेंटिमीटरभर. १७८४ मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्युलियारने तिला 'अगॅरिकस फिब्युला' म्हटलं. तेव्हा टोपीखाली पात्या दिसल्या की अळंबी बहुधा अगॅरिकसमध्येच जायची. पुढे ती ओम्फालिया झाली, मायसीना झाली, गेरोनेमाही झाली. १९७३ मध्ये तिच्यासाठी रिकेनेला ही नवी प्रजाती केली गेली. नाव जर्मन कवकतज्ज्ञ आडालबर्ट रिकेन यांच्यावरून.

खरा धक्का २००० नंतरच्या डीएनए-अभ्यासांनी दिला. ही नाजूक छत्री हायमेनोकीटेलीस गणातली निघाली. म्हणजे कोकणात औषधाला वापरतात त्या फणसावरच्या कडक अळंबीची लांबची नातेवाईक! पात्या हा जवळच्या नात्याचा पुरावा नव्हताच. तो आकार वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलाय.

मग जुने अभ्यासक कच्चे होते का? नाही. त्यांच्या हातात आकार होता, त्यावरून त्यांनी मांडणी केली. वर्गीकरण हेही एक गृहीतकच असतं.

म्हणून साहित्य-आढावा घेताना जुनी नावंही शोधा. नुसतं 'रिकेनेला' टाकलंत, तर १९७३ आधीचं काम हातातून निसटलंच समजा.