तीट, मोहरी आणि कौतुक



"आपण कर्म मानणारे, मग बाळाची दृष्ट काढायची की नाही?" घरात पहिलं बाळ आलं की हा प्रश्न हमखास निघतो. सुनेला ते मिथ्यात्व वाटतं, सासूबाईंना सून जरा जास्तच शिकलेली वाटते. दोघींनी आपल्या जुन्या ग्रंथांत डोकावून पाहावं असं मला वाटतं.

कल्पसूत्रातला त्रिशलामातेच्या १४ स्वप्नांचा प्रसंग श्वेतांबर घरांत दर पर्युषणात ऐकला जातो. स्वप्नांचा अर्थ सांगायला सिद्धार्थ राजा स्वप्नपाठकांना बोलावणं धाडतो. ते तसेच उठून निघत नाहीत. आधी स्नान, मग कौतुक-मंगल, मग शुद्ध वस्त्रं आणि मोजके पण मोलाचे दागिने. शेवटी डोक्यावर पांढरी मोहरी आणि दूर्वा ठेवून ते घराबाहेर पडतात. या मोहरीचं संस्कृत नाव सिद्धार्थ किंवा सिद्धार्थक, म्हणजे ज्याने काम सिद्धीस जातं ते. सिद्धार्थाच्या भेटीला सिद्धार्थ डोक्यावर घेऊन गेले म्हणायचे!

स्नानानंतरचं हे कौतुक-मंगल आगमांत ठिकठिकाणी येतं. राजे, राण्या, व्यापारी, सगळेच ते करतात. ११व्या शतकातले टीकाकार अभयदेवसूरी त्याचा अर्थ अगदी घरगुती शब्दांत देतात: कौतुक म्हणजे काजळीचा टिळा वगैरे, मंगल म्हणजे पांढरी मोहरी, दही, अक्षता, दूर्वांकुर. काजळीचा टिळा म्हणजे आपली तीटच की!

आणि शब्द बघा. संस्कृतात लग्नातल्या कंकणाच्या दोऱ्यालाही कौतुक म्हणतात. मराठीत तोच शब्द तारीफ झाला. बाळाचं फार कौतुक झालं की दृष्ट लागते असं आपण म्हणतो, आणि ती लागू नये म्हणून लावायच्या ठिपक्याचं जुनं नावही कौतुकच.

तीट लावण्यामागची कल्पना सरळ आहे. गोऱ्या गोमट्या गालावर मुद्दाम एक डाग ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिथे अडते. काही घरी ती गालावर, काही घरी कपाळाच्या कडेला, तर काही घरी तळपायाला लावतात. मोहरीचं काम वेगळं. मिठाबरोबर बाळावरून ओवाळून ती निखाऱ्यावर टाकायची, जोरात तडतडली की "केवढी दृष्ट होती गं!" (फोडणीतही ती तशीच तडतडते, हे त्या वेळी कुणी बोलत नाही.)

साधूंना मात्र यातलं काहीच चालत नाही. निशीथसूत्रात साधूने गृहस्थासाठी कौतुककर्म केलं, किंवा रक्षणासाठी राख देण्याचं भूतिकर्म केलं, तर प्रायश्चित्त सांगितलं आहे. म्हणजे गृहस्थ स्वतः टिळा लावत होता हे सूत्रकारांनी सहज नोंदवलं, पण महाराजांकडे बाळाच्या रक्षेसाठी हात पसरायला वाव ठेवला नाही. आज मंतरलेले दोरे मागत फिरणाऱ्या आपल्या भगिनींनी हे जरूर वाचावं.

गृहस्थाला तरी सगळं मोकळं होतं का? यशोधर राजाची कथा आठवा. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात आणि त्याच शतकात पुष्पदंताने अपभ्रंशात ती रचली. वाईट स्वप्नाचं निवारण म्हणून आई पशुबळी द्यायला सांगते. राजा तयार होत नाही, तेव्हा तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरी मायलेकरांना सहा जन्म पशुयोनीत काढावे लागले, कारण कापताना मनात जिवंत कोंबडाच होता.

म्हणून माझ्या मते सूनबाईंनी तिटेवरून भांडू नये. दसऱ्याला किंवा नव्या घराच्या दारात बळी म्हणून कोहळा फोडायची वेळ आली, तर मात्र जरूर भांडावं. आमच्याकडे तान्ह्याला तीट लागते, मीठ-मोहरीही ओवाळतो. कोहळा येतो तो फक्त पेठ्यासाठी.